गिरीजहून कुणी कुठेच जात नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि वसई परिसर परिवहन नियोजन मंडळाचे प्रमुख माननीय हर्षवर्धन चौधरी साहेब, आजच्या सत्कारमूर्ती, मंडळाच्या नियोजन अधिकारी श्रीमती विनया कारखानीस मॅडम, उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या उन्नती सावे, नागरिक सल्लागार समितीतले माझे सहकारी, भुईगावचे कॅल्विन आल्मेडा, मंडळाचा सर्व कर्मचारीवर्ग आणि समोर जमलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला, माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी चंद्रकांता राऊत बसल्या आहेत. वहिनी, तुम्हाला वेगळा नमस्कार. वेगळा का, ते पुढे येईलच.

मी भालचंद्र राऊत, राहणार गिरीज. तीस वर्षं जकात नाक्यावर नोकरी केली. ट्रकवाला म्हणायचा, साहेब, पेंढा आहे. मी म्हणायचो, उतरव. पेंढ्याखाली पंखे निघायचे. तीस वर्षं रोज हेच केल्यावर माणसाच्या नजरेचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं, तेव्हा मी ते आधी कानाला लावून पाहिलं होतं. हसा, हसा. सासरे हसले नव्हते.

तर अशा माणसाला निरोपाचं भाषण करायला का बोलावलं असेल? गेले आठ दिवस मी हाच विचार करतो आहे. पत्रिका आली ती मी उजेडात धरून पाहिली. मंडळात माझ्याबद्दल प्रेम वाहून चाललंय, असं तर नाही. माझ्या हरकतींची एक वेगळी फाईल इथे आहे आणि तिला दोन नाड्या लागतात, असं ऐकतो. चार वर्षांपूर्वी मला सल्लागार समितीवर घेतलं, तेही मी गप्प बसावं म्हणून, असा माझा संशय होता. आजही आहे. साहेब मान हलवतायत, पण होकारार्थी की नकारार्थी ते इथून नीट दिसत नाही.

चौकशी केली तेव्हा कळलं, माझं नाव खुद्द मॅडमनीच सुचवलं. म्हणजे संशय दुप्पट झाला. कारण मॅडमचं माझ्याकडून जे नुकसान झालं आहे, त्यानंतर कुणीही शहाणा माणूस माझ्या हातात माईक देणार नाही.

सभेत काही नवीन मंडळी आहेत, म्हणून हे मंडळ करतं काय, ते आधी सांगतो. मला ते समजायला बरीच वर्षं लागली. या मंडळाकडे स्वतःची एकही बस नाही. रस्त्यातला एक खड्डा बुजवायचा अधिकार नाही. बस चालवणारे वेगळे, रस्ते करणारे वेगळे, रेल्वे वेगळी, गावठाणाचे नकाशे सांभाळणारे आणखी वेगळे. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं, चहा पाजायचा आणि पुढच्या वीस वर्षांत कोण कुठून कुठे जाणार ते एका आराखड्यात लिहायचं, एवढंच यांचं काम. मी म्हणायचो, हे कसलं काम? नुसत्या गप्पा! पण गंमत अशी की ज्या रस्त्याचं, ज्या बसचं नाव त्या आराखड्यात नाही, तिच्यासाठी पुढे कुणी बोटही उचलत नाही. आराखड्यात नाही म्हणजे नाहीच.

आणि आराखड्यात नाव येतं कशावरून? इथे माझा खरा संशय होता. मला वाटायचं, कुणाच्या तरी ओळखीवरून. चुकलो. ते येतं एका साध्या प्रश्नावरून. काल तुम्ही कुठे गेला होता?

एवढंच विचारतात. चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात आणि दारात येऊन विचारतात. काल घरातलं कोण, कुठे, कशाने, कशासाठी गेलं. आमच्या भागात एका घराचं उत्तर वीस घरांचं धरत होते. म्हणजे मी बोललो की माझ्या मागे एकोणीस घरं बोलली. मी थाप मारली की तीही वीस घरांनी मारली. हे गणित मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता, ही गोष्ट वेगळी.

नऊ वर्षांपूर्वी हे सर्वेक्षण गिरीजमध्ये आलं. त्याच सुमारास गावात बोलणं सुरू होतं की वाड्यांमधून एक रुंद रस्ता जाणार आहे, नकाशावर रेघ मारून झाली आहे, फक्त घरं मोजायची राहिली आहेत. कुणी पाहिली होती ती रेघ? कुणीच नाही. पण माझी पक्की समजूत होती की जो माहिती विचारायला येतो तो काहीतरी न्यायला आलेला असतो. माझी केळीची बाग, वहिनींचा मोगरा, विहीर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून रस्त्याखाली गेलं. आदल्या संध्याकाळी मी छत्री घेऊन घरोघर फिरलो. सगळ्यांना एकच पढवलं. कुणी विचारलं काल कुठे गेला होता, तर म्हणायचं, कुठेच नाही. आम्ही कुठेच जात नाही. वाडी आणि घर, घर आणि वाडी.

माणसं माझं ऐकायची हो. नाक्यावरचा माणूस म्हणून दबदबा होता. पाहणी करणारे पहिल्या तीन आळ्यांतून हात हलवत परत गेले. मग चौथ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. एकट्या, हातात फॉर्मांचं पॅड आणि पदराला पेन अडकवलेलं. मी अंगणात उभा. त्यांनी विचारलं, "काल आपण कुठे गेला होतात?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

"घरातलं दुसरं कुणी?"

"कुणीच नाही."

माझ्या मागे ओटीवर वहिनी रिकामी टोपली पालथी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो भावजी, पण मी तर बाजारात..." आणि मी वळून पाहिलं. नुसतं पाहिलं. वहिनी, आठवतंय? तुम्ही टोपली घेऊन आत गेलात.

आता या टोपलीबद्दल सांगितलं पाहिजे. गिरीजहून सकाळी पाच-दहाची बस सुटायची. त्या बसला आम्ही टोपल्यांचीच बस म्हणायचो. अळू, दुधी, केळफुलं, मोगऱ्याच्या पुड्या, विड्याची पानं आणि आमच्या वहिनींची सुकेळी. केळी उन्हात सुकवून, पानात बांधून, वरून केळीच्या सोपटाचा दोर. स्टेशनजवळच्या बाजारात त्यांची एक जागा होती, जुन्या पिंपळाच्या कट्ट्याशी. तिथे बसणाऱ्या जिजाबाई सांगतात की लोक सुकेळी घ्यायला येत आणि वहिनींशी बोलत बसत, मग सुकेळी विसरून जात. दादा गेल्यावर घरात वहिनींना तोंड उघडायला जागा राहिली नव्हती. घरात बोलायचो तो मी एकटाच. त्यांचा बाजार म्हणजे त्यांचं बोलणं होतं. मला हे तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. कळत होतं.

मॅडम अजून दोनदा आल्या. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. मग एका पहाटे त्या आमच्या बसथांब्यावर उभ्या दिसल्या, हातात ते दाबून आकडा वाढवायचं छोटं यंत्र. टोपली चढली की टक. माणूस चढला की टक. मी दुरून पाहिलं आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. ही बाई रस्त्याची रुंदी मोजते आहे! त्याच दिवशी मी अर्ज केला, वरपर्यंत. माणसं मोजण्याच्या नावाखाली अधिकारी जमिनीची मोजणी करतात, चौकशी व्हावी. सोबत गावातल्या पस्तीस सह्या.

चौकशी झाली. चौदा महिने चालली. काही निघालं नाही, पण तोवर मॅडमना बढती मिळायची ती राहिली आणि त्या आजवर नियोजन अधिकारीच राहिल्या. या गोष्टीचा त्यांनी माझ्यापुढे कधी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या या न बोलण्यावरही मी संशय घेत आलो. म्हणायचो, काहीतरी मनात धरून आहे बाई.

पुढे आराखड्याचा मसुदा लोकांना पाहायला ठेवला. हरकतींना तीस दिवस. मी पहिल्याच दिवशी चष्मा पुसून हजर. सगळे नकाशे पाहिले. गिरीजच्या वाडीतून एकही रेघ नव्हती! मी घरी येताना पेढे आणले, गावात वाटले. मंडळाला नमवलं म्हणून माझा सत्कारही झाला, नारळ मिळाला. त्याच मसुद्यात मागे बसमार्गांचा तक्ता होता. तो मी उघडून पाहिला नाही. गावातल्या कुणीच पाहिला नाही.

सर्वेक्षणाला दोन वर्षं होतात न होतात तोच पाच-दहाची बस बंद झाली.

मी म्हटलं, बघा! सूड घेतला. गावात सगळ्यांना हेच सांगितलं. वहिनींनाही हेच सांगितलं की त्या कारखानीस बाईनेच तुमची बस बंद केली. मोर्चा काढला, घोषणा दिल्या, या इमारतीच्या पायऱ्यांवर दोन तास बसलो. मॅडम खाली आल्या, पाणी पाठवलं. मी ते पाणी प्यायलो नाही आणि कुणाला पिऊही दिलं नाही.

वहिनी मग नाक्यापर्यंत चालत जाऊ लागल्या. डोक्यावर टोपली, पाऊण तास. तिथून पुढे मिळेल ते वाहन. पाच वर्षं त्यांनी हे केलं. मग गुडघे गेले. दोन वर्षं झाली, बाजार सुटला. पिंपळाच्या कट्ट्याशी आता कुणीतरी मोबाईलची कव्हरं विकतो.

भुईगावची बस मात्र चालू. एक नव्हे, दोन झाल्या. मला वाटलं, इथे काहीतरी शिजतंय. मी कॅल्विनना गाठलं, म्हटलं, तुमची ओळख कुणाशी आहे? कॅल्विन, तुम्ही काय म्हणालात ते सांगू का? म्हणाले, "ओळख कसली, राऊतकाका? रविवारी मिस्सा झाल्यावर फादरनी सांगितलं, सर्व्हेवाले येतील, खरं सांगा. आम्ही सांगितलं. माझ्या आईने तर आठवड्याचा हिशोब दिला, मावशीकडे जाऊन भांडून आली ते पण." तिकडे जूचंद्रच्या नव्या सोसायट्यांनी तर फॉर्म कमी पडले म्हणून मागून घेतले. लोकांनी व्यायामशाळेत गेलेलंही लिहिलं. आम्ही तेवढे एकटे घरात बसून राहिलो, कागदावर.

तरी माझी समजूत पटली नव्हती. वहिनींचा बाजार सुटल्यावर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. या बाईला उघडं पाडायचंच, असं ठरवून टाकला, खोटं कशाला बोलू. मागच्या श्रावणात मला इथे बोलावून गिरीजच्या कागदांची पूर्ण फाईल पुढ्यात ठेवली. मी पहिलं पान उलटलं. विभाग गिरीज, पाहणी केलेली घरं तीस, काल झालेला एकूण प्रवास, चार फेऱ्या. तीस घरांत मिळून चार फेऱ्या! आणि त्याही एका पाहुण्याच्या, जो बिचारा माझ्या पढवण्याच्या वेळी गावात नव्हता.

पुढे माझ्या घराचा फॉर्म. भालचंद्र राऊत, कुठेही नाही. चंद्रकांता राऊत, कुठेही नाही. खाली माझी सही. नियम असा आहे म्हणे की घरचा माणूस सांगेल तेच लिहायचं, आपलं काही मिसळायचं नाही. पण शेवटी शेऱ्याला एक चौकोन असतो. त्यात मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते पाठ केलं आहे. "काल सकाळच्या बसमध्ये हे गृहस्थ माझ्या पुढच्या सीटवर होते. कंडक्टरने परत दिलेली नोट उजेडात धरून पाहात होते. यांच्या घरातील महिला टोपलीसह त्याच बसमध्ये होत्या. या गावाची उत्तरे खरी नाहीत. थांब्यावर तीन दिवस मोजणी करावी, अन्यथा बस आराखड्यातून जाईल."

मंडळी, जमिनीच्या मोजणीचा त्यात एक शब्द नव्हता. रस्त्याची रेघही नव्हती. फाईलभर शोधली. ती कधीच नव्हती.

त्याच्या मागे एक अर्धा कागद टाचलेला होता. दिवस पहिला, पाच-दहाची बस, टोपल्या एकेचाळीस. दिवस दुसरा, आणि पुढे रिकामं. कारण दुसऱ्या दिवशी माझा अर्ज पोचला होता आणि त्यांना मोजणी थांबवायला सांगितलं होतं. तीन दिवसांची मोजणी असेल तरच धरतात, एका दिवसाची धरत नाहीत. एकेचाळीस टोपल्या त्या अर्ध्या कागदावर राहिल्या. वहिनी, त्यातली एक तुमची होती.

बस मॅडमनी बंद केली नाही. मी केली. श्रावणापासून मी हे पोटात घेऊन फिरतो आहे आणि तुमच्या हातचं जेवतो आहे. घरात सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आज तुम्हाला रिक्षात घालून इथे आणलं. चारचौघांत सांगितलं की मला माघार घेता येणार नाही, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. स्वतःवर तरी मी कुठे विश्वास ठेवतो?

अध्यक्ष महाराज, घड्याळ दाखवू नका, आवरतो. पण मुद्द्याचं राहिलंय. सोमवारपासून नवीन सर्वेक्षण सुरू होतं आहे. नऊ वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. आणि परवा आमच्या गावात कट्ट्यावर मी कानांनी ऐकलं, एक तरुण सांगत होता, "राऊतकाकांनी मागे कसं वाचवलं माहितीये ना? काही नाही बोलायचं. कुठेच जात नाही, बस." माझंच शहाणपण, चांगलं मुरलेलं. त्याला मी थांबवलं तर म्हणाला, "काका, तुम्हाला समितीवर घेतलं ना त्यांनी? मग तुम्ही असंच बोलणार." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

म्हणून हे इतिवृत्तात लिहून घ्यावं, अशी माझी विनंती आहे. उन्नतीताई, तुम्ही लिहिता आहात ना? खोडता येणार नाही अशा शाईने लिहा. आणि उद्यापासून तुमच्यावर माझी नजर राहील, हेही लिहा. तक्ता आता मी आधी बघणार, नकाशा मागून. गिरीजची माणसं जातात. बाजारात जातात, दवाखान्यात जातात, लेकीकडे जातात, भांडायलाही जातात. मी स्वतः काल नालासोपाऱ्याला गेलो होतो, डोळे दाखवायला, पुतणीच्या स्कूटरवर मागे बसून, कारण दुसरं साधन नव्हतं. घ्या, माझं उत्तर दिलं. नऊ वर्षं उशिरा दिलं.

मॅडम, नवीन फॉर्म मी पाहिला. अर्थातच पाहिला, दोनदा. त्यात शेवटी सतरावा प्रश्न नवीन आहे. "तुम्हाला कुठे जायचं असतं, पण जाता येत नाही?" मी विचारलं, हा कुणी घातला, आणि का? ऑफिसात म्हणाले, कारखानीस मॅडम दोन वर्षं भांडल्या त्यासाठी, जाता जाता मंजूर करून घेतला. तेव्हा मी पहिल्यांदा कुठल्याही प्रश्नामागे काय दडलंय ते शोधायला गेलो नाही. समोरच दिसत होतं.

तर वहिनी, सगळ्यांसमोर सांगतो, आपल्या घराची चिठ्ठी निघाली आहे, सोमवारी पाहणीच्या बाई दारात येतील. मी अंगणात नसेन. मी मागे वळून बघणार नाही. काल कुठे गेला होता असं विचारलं की तुम्ही तुमच्या तोंडाने खरं काय ते...

काय म्हणता? थांबा हं मंडळी, वहिनी काही बोलतायत. मोठ्याने बोला, वहिनी. नाही, माईक तिथवर येत नाही. बोला, मी सांगतो सगळ्यांना.

वहिनी म्हणतात, "भावजी, आता मी खरंच कुठे जात नाही. मग त्यांना काय सांगू?"

...

पाणी द्या जरा. हो, इथलंच. चालेल.

वहिनी, ते खरं आहे, तर तेच सांगा. पण उठून आत जाऊ नका. सतराव्या प्रश्नापर्यंत थांबा. त्याला उत्तर आहे तुमच्याकडे. पिंपळाचा कट्टा म्हणा, जिजाबाईंचं नाव सांगा, सुकेळी सांगा, सगळं सांगा. वीस घरांचं उत्तर आहे ते.

माझं बोलणं लांबलं. मॅडम, तुम्हाला निरोप द्यायला उभा राहिलो आणि स्वतःचंच सांगत बसलो. आपल्याला आरोग्य लाभो, दीर्घायुष्य लाभो. आपण मला बोलावलंत त्याबद्दल आभार, सभेने ऐकून घेतलं त्याबद्दल आभार. भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास माफ करा म्हणायची पद्धत आहे. बोलण्यातलं सोडून द्या. वागण्यात झालं आहे. मॅडम, माफ करा. वहिनी, माफ करा.

आणि कार्यक्रम संपल्यावर एकट्या निघू नका, वहिनी. मी येतो सोबत. परतीला बस नाही.